नवशिक्या राजपुत्रास चार शब्द

खेळ सोपा असावा की अवघड, ह्या वादात आमचा सुशिक्षित मध्यमवर्ग कधी पडलाच नाही. मुलांनी खेळू नये, हा त्याचा निकाल ठरलेला. आणि खेळावेच लागले तर बुद्धिबळ खेळावे, कारण त्या खेळाचे नाव पाहुण्यांसमोर उच्चारता येते. संगणकाच्या पडद्यावर चालणाऱ्या खेळांना आमच्या नांदेडच्या घरांतून अद्याप दिवाणखान्यात आसन मिळालेले नाही. ते आतल्या खोलीत चालतात, आणि वडील माणसाच्या चपलेचा आवाज होताच पडद्यावर एकाएकी सेंद्रिय रसायनशास्त्र उमटते. असे असता, इंग्रजी काव्य शिकविण्यात उमेद घालविलेल्या आमच्यासारख्याने असल्या एका खेळाविषयी, आणि तोही कसा खेळावा ह्याविषयी, लेखणी उचलावी हे काही वाचकांस थिल्लरपणाचे वाटेल. वाटो. ज्या खेळाविषयी आम्ही लिहीत आहो तो पस्तीस वर्षे टिकला आहे. आमच्या अभ्यासक्रमात ह्या अवधीत नेमल्या गेलेल्या किती पुस्तकांविषयी असे म्हणता येईल, ह्याचा हिशेब आम्ही येथे काढीत नाही.

त्या खेळाचे नाव 'प्रिन्स ऑफ पर्शिया'. जॉर्डन मेक्नर नावाच्या एका अमेरिकन तरुणाने तो ॲपल-टू ह्या संगणकासाठी रचला, आणि १९८९ साली तो बाजारात आला. पुढच्या वर्षी, आपल्याकडे ज्यांचा प्रसार होता त्या डॉसवर चालणाऱ्या संगणकांसाठी त्याची आवृत्ती निघाली. नव्वदीच्या त्या दशकात मराठवाड्यातील शहरांत संगणकाचे वर्ग उघडू लागले होते. पादत्राणे बाहेर काढून, गारव्याच्या खोलीत दबकत शिरून, डॉसच्या आज्ञा आणि वर्डस्टार शिकावयाचे, असा तो काळ. तास संपला की कोणीतरी खिशातून एक फ्लॉपी काढी, आणि खोलीतील सर्व खुर्च्या एकाच पडद्याकडे सरकत. कथा चार ओळींची. सुलतान परमुलखी लढाईवर गेलेला; त्याचा वजीर जाफर राजकन्येस म्हणतो, एका तासात माझ्याशी लग्न कर, नाही तर मर. तिचा प्रियकर तळघरात कोंडलेला, निःशस्त्र. त्याने त्या एका तासात बारा पातळ्या ओलांडून, मनोऱ्यावर चढून, जाफरास गाठावयाचे. तास हा काव्यातला नव्हे, घड्याळातला. बरोबर साठ मिनिटे.

येथे नवशिक्यास पहिली गोष्ट सांगावीशी वाटते ती अशी की, ह्या खेळात प्राण फुकट आहेत, वेळ मात्र नाही. राजपुत्र खड्ड्यात पडून मेला तर त्याच पातळीच्या आरंभी तो पुन्हा उभा राहतो. शंभर वेळा मेला तरी शंभर वेळा उभा राहतो. परंतु मरण्यात गेलेली मिनिटे परत मिळत नाहीत. हे ऐकून नवशिका घाबरतो आणि धावत सुटतो. त्याने तसे करू नये. पहिले आठ-दहा दिवस घड्याळ मुळीच पाहू नये. तास संपून राजकन्या हातची गेली तर जाऊ द्यावी. वाट पाठ झाली म्हणजे पुन्हा आरंभापासून निघावे. ज्या दोन पातळ्यांत पहिल्या दिवशी अर्धा तास गेला होता, त्याच जाणता माणूस चार-पाच मिनिटांत उरकतो, आणि तोही धावून नव्हे, न अडखळून.

दुसरी गोष्ट पावलाची. ह्या राजपुत्राचे चालणे इतर खेळांतील बाहुल्यांसारखे नाही. मेक्नरने आपल्या धाकट्या भावास पांढरे कपडे घालून धावावयास, उड्या मारावयास, कठड्यास लोंबकळावयास लावले, त्याचे चित्रण केले, आणि त्या चित्रणावरून एकेक ठसा उतरवून राजपुत्राचा देह सिद्ध केला. तलवारीचे हात १९३८ च्या रॉबिन हुडवरील चित्रपटातील द्वंद्वावरून घेतले. ह्याचा परिणाम असा झाला की, त्या चिमुकल्या आकृतीस खऱ्या माणसाचे वजन आले. धावता राजपुत्र कळ सोडताच थांबत नाही. आपण थांबतो तसा दोन पावले पुढे जाऊन थांबतो, आणि त्या दोन पावलांत बहुधा खड्डा असतो. म्हणून कळा बडविण्यात काही अर्थ नाही. शिफ्टची कळ दाबून बाणाची कळ दाबावी. मग राजपुत्र एकच जपून पाऊल टाकतो, आणि कड आली की कडेशी थबकतो. जमिनीतून उसळणाऱ्या भाल्यांतून धावणारा मरतो. जपून चालणारा त्यांच्यामधून कापडही न फाटता जातो. हीच शिफ्टची कळ पडतापडता दाबून धरली तर समोरच्या कठड्यास हात पोहोचतो. एक मजला खाली पडल्यास काही होत नाही, दोन मजले पडल्यास आयुष्याच्या तीन लाल त्रिकोणांपैकी एक जातो, तीन मजले पडल्यास सर्व संपते. हे अंकगणित नवशिक्याने उडीपूर्वी करावे, उडीनंतर ते आपोआप होते.

काही फरशा ढिल्या असतात. पाय पडताच त्या निखळतात. जागच्या जागी उडी मारून पाहावी, म्हणजे जवळची ढिली फरशी खडखडते आणि स्वतःचे बिंग फोडते. वाटेत औषधाच्या कुप्या ठेवलेल्या असतात. मोठी कुपी आयुष्यात एका त्रिकोणाची कायमची भर घालते, लहान कुपी जखम भरते, आणि एखादी विषाची असते. रंगीत पडद्यावर ते रंगावरून कळते. आमच्या वर्गातील पडदे एकरंगी असल्यामुळे औषध आणि विष ह्यांतील भेद तेथे पिऊनच कळत असे.

तलवार पहिल्याच पातळीत पडलेली असते. ती उचलल्यावाचून पहारेकऱ्यापुढे जाऊ नये, कारण हातात शस्त्र नसता बसलेला एकच घाव पुरतो. शस्त्र हाती आल्यावर नवशिका जी चूक करतो ती म्हणजे आधी मारणे. पहारेकरी चाल करून येईपर्यंत थांबावे, त्याचा वार वरच्या बाणाने अडवावा, आणि अडविल्याच्या त्याच क्षणी मारावे; त्या क्षणी त्याचा हात वर असतो. तिसऱ्या पातळीत एक हाडांचा सापळा उठून लढावयास येतो. त्याच्यापुढे लाल त्रिकोण दिसत नाहीत ह्याचा अर्थ लक्षात घ्यावा: जो जिवंतच नाही त्यास मारता येणार नाही. त्यास हटवीत हटवीत कडेपर्यंत न्यावे आणि खाली लोटावे. ह्याच तिसऱ्या पातळीपासून डाव साठवून ठेवण्याची सोय आहे, आणि ती मराठवाड्यातील खेळाडूने प्रत्येक पातळीच्या आरंभी वापरावी असे आम्ही आग्रहाने सांगतो. अमेरिकेतील राजपुत्रास जाफर हा एकच शत्रू होता. आमच्याकडील राजपुत्रास भारनियमन हा दुसरा होता, आणि त्याचा वार अडविण्यास कोणताही बाण नव्हता.

हे सारे आम्हांस पुन्हा आठवण्याचे कारण आमची भाची. ती लातूरास राहून वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेची तयारी करते. 'लातूर पॅटर्न' हा शब्द महाराष्ट्रात सर्वांस ठाऊक आहे. राजर्षी शाहू आणि दयानंद ह्या महाविद्यालयांतील अध्यापकांनी पाठ, सराव, पुन्हा परीक्षा आणि पुन्हा सराव ह्यांची जी शिस्त बसविली, तिने मराठवाड्यातील खेड्यापाड्यांतील मुलांस वैद्यकाचे दार उघडून दिले, हे आम्ही मानतो. त्या पद्धतीस पोपटपंची म्हणून नाके मुरडणारे पुण्या-मुंबईचे विद्वान आम्हांस आवडत नाहीत. आज त्या पद्धतीची शाखा आमच्या नांदेडातही जोरात आहे, आणि दोन्ही गावांत वसतिगृहे व अभ्यासिका ह्यांनी गल्ल्याच्या गल्ल्या भरून गेल्या आहेत. परंतु ह्या परीक्षेचा एक नियम मुलांच्या हाडांत शिरतो. २०२५ च्या प्रश्नपत्रिकेत १८० प्रश्न १८० मिनिटांत सोडवावयाचे होते. बरोबर उत्तरास चार गुण, चुकलेल्यास एक वजा, आणि सोडून दिलेल्यास शून्य. म्हणजे खात्री नसल्यास हात आवरावा, हे शहाणपण झाले. आणि ही परीक्षा वर्षातून एकदाच. जून महिन्यात निकाल लागला, तिला हवे तितके गुण पडले नाहीत, आणि पुन्हा एक वर्ष बसण्याचे ठरले. नवी तुकडी सुरू होईपर्यंत तीन आठवडे ती आमच्याकडे राहावयास आली.

ती बोलत नसे असे नाही. परंतु प्रत्येक वाक्याच्या शेवटी आमच्या तोंडाकडे पाही. भाजी कोणती करू, हे ती मामीस तीनदा विचारी. रिक्षावाल्यास पत्ता सांगताना तिचा आवाज खाली जाई. आम्ही पस्तीस वर्षे मुलांस शिकवीत नसलो तरी पुष्कळ वर्षे शिकविले आहे, आणि ही खूण आम्हांस ओळखीची होती.

नव्या संगणकात जुन्या डॉसचे सोंग आणणारी एक लहानशी आज्ञावली बसविली म्हणजे हा खेळ आजही चालतो. तो आम्ही तिच्यापुढे ठेवला. तिने प्रथम विचारले, "मामा, ह्याची आन्सर-की आहे का?" आम्ही म्हणालो, नाही. (महाजालावर ती प्रत्येक पातळीच्या नकाशासह आहे, परंतु प्रश्न आम्हांस विचारला होता, महाजालास नव्हे.) मग ती पहिल्या खड्ड्याच्या काठाशी राजपुत्रास नेऊन उभी राहिली, आणि उभीच राहिली. उडी लांब पडेल की आखूड, हे मारल्यावाचून कळणार नव्हते, आणि न कळता मारणे तिच्या हातून होईना. घड्याळाची चार मिनिटे त्या काठावर गेली. शेवटी आम्ही तिला एक स्वाध्याय दिला: आज राजपुत्रास वीस निरनिराळ्या प्रकारांनी मारून दाखव. भाल्यांवर, कात्रीच्या दारांत, खड्ड्यात, विषाने, पहारेकऱ्याकडून. एक प्रकार दोनदा मोजला जाणार नाही. पहिले तीन तिने औषध घेतल्यासारखे उरकले. सहाव्यास ती हसली. अकराव्यानंतर प्रकार सापडेनात, तेव्हा नवे मरण शोधण्यासाठी ती आमच्या परवानगीवाचून पुढच्या पातळीत शिरली.

आमची बहीण त्या रविवारी लेकीस भेटावयास आली होती. आतल्या खोलीतून आरोळी आली, "मामा, आजची ही आठवी वेळ!", आणि मागोमाग टाळी. बहिणीने आमच्याकडे जे पाहिले त्याचे वर्णन आम्ही करीत नाही. "दादा, वर्ष वाया गेलंय तिचं," एवढेच ती म्हणाली. तिचे म्हणणे खोटे नव्हते. त्या वर्षाचे शुल्क, वसतिगृहाचे भाडे, खानावळ, ह्यांचा आकडा ती आणि आमचे मेहुणे रात्री मांडीत असत, आणि पुढील वर्षाचा पुन्हा मांडावयाचा होता. आमच्याजवळ तिला देण्यासारखे उत्तर नव्हते. आम्ही चहा सांगितला.

अवघड खेळ आणि दुष्ट खेळ ह्यांतील भेद नवशिक्यास लवकर कळला पाहिजे. दुष्ट खेळ नियम बदलतो. अवघड खेळ बदलत नाही: कात्रीचे दार आज ज्या तालावर मिटते त्याच तालावर उद्या मिटते, ढिली फरशी काल होती तेथेच असते, आणि राजपुत्र मेला तर का मेला हे त्याच घटकेस डोळ्यांसमोर असते. परीक्षेत चुकलेला प्रश्न महिन्याभराने कळतो, आणि तो प्रश्न पुन्हा कधी येत नाही. आमच्या भाचीने ही गोष्ट आमच्याहून थोडक्यात सांगितली: "हा चिडत नाही, मामा."

आठव्या पातळीत एक जागा अशी आहे की तेथे दार बंद, परत वाट नाही, आणि करण्यासारखे काही नाही. नवशिका तेथे भिंतींवर डोके आपटून घेतो. वास्तविक काहीच करावयाचे नसते. थोडा वेळ स्वस्थ उभे राहिले की राजकन्येने पाठविलेला एक पांढरा उंदीर येतो, कळीच्या फरशीवर पाय देतो, आणि दार उघडते. आमच्या भाचीस ही जागा पहिल्याच खेपेस साधली. काठावर उभे राहण्याचा तिचा सराव तेथे कामास आला.

तिचे म्हणणे पडले की तुमचा राजपुत्र म्हातारा झाला, आता पुण्याची राजी पाहा. त्याप्रमाणे आम्ही पाहिली. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' ह्या लहान मंडळीने 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा खेळ रचून ऑगस्ट २०२० मध्ये प्रसिद्ध केला. २०१७ साली लोकवर्गणीने पैसे उभारण्याचा त्यांचा प्रयत्न फसला होता. तरी त्यांनी तो पुरा केला, आणि त्या वर्षीच्या जागतिक पारितोषिकांत पदार्पणाच्या उत्कृष्ट खेळांमध्ये त्याची गणना झाली. राजी ही खेळ करून पोट भरणारी मुलगी. असुरांनी तिचा भाऊ गोलू पळविला आहे, त्याच्या शोधार्थ ती निघते, आणि विष्णू व दुर्गा वरून तिची कथा सांगतात. राजस्थानी महालांची आणि बलीबेटातील देवळांची धाटणी, पहाडी चित्रांचे रंग, मधूनमधून छायाबाहुल्यांचा प्रवेश: आपल्या घरातील वस्तू दुसऱ्याच्या भाषेत न सांगता कशी मांडावी ह्याचा तो वस्तुपाठ आहे. नवशिक्यास येथेही तेच सांगावयाचे: त्रिशूल हाती आला म्हणून गर्दीत घुसू नये, असुराने हात उगारला की आधी बाजूस लोळण घ्यावी आणि मग मारावे, आणि मोकळ्या पटांगणात लढण्यापेक्षा खांबाभोवती गिरकी घेऊन, भिंतीवरून उसळून घाव घालावा, कारण डोंबाऱ्याच्या पोरीचे बळ मनगटात नसून अंगाच्या लवचिकपणात असते. दगडावर कोरलेल्या देवकथांपाशी थांबावे; तेथे कोणी मारावयास येत नाही. शेवट मात्र एकाएकी येतो, जेवता जेवता पान उचलावे तसा, आणि ही तक्रार अनेकांनी केली आहे. आमच्या मते राजी दिसावयास अधिक देखणी आहे, राजपुत्र अधिक कडक शिक्षक आहे.

राजपुत्राचे सर्वांत कठीण प्रकरण आम्ही शेवटी ठेवले आहे. चौथ्या पातळीत वाटेत एक आरसा उभा ठाकतो, आणि पुढे जाण्यास त्यातून धावत उडी मारण्यावाचून गती नसते. उडी मारताच आरशातून राजपुत्राची छाया निराळी होऊन उलट्या दिशेने निघून जाते, आणि राजपुत्राजवळ एकच त्रिकोण उरतो. पुढे ही छाया आपल्या डोळ्यांदेखत कुपी पिऊन टाकते, तोंडावर दार मिटते. तिची जन्मकथा गमतीची आहे. ॲपलच्या तुटपुंज्या स्मृतीत आणखी एका शत्रूची चित्रे मावेनात, तेव्हा मेक्नरने राजपुत्राचीच चित्रे थोडी फिरवून शत्रू केला. दारिद्र्यातून निघालेली ही युक्ती त्या खेळाचा आत्मा ठरली. बाराव्या पातळीत ती छाया तलवार उपसून समोर येते. तिला घाव घातला की आपलाच त्रिकोण कमी होतो.

येथे काय करावे हे आम्हांस ठाऊक होते, आणि भाचीने विचारलेही. आम्ही वर्तमानपत्र वाचीत राहिलो. बाराव्या पातळीच्या आरंभी तिने डाव साठविला तेव्हा अकरा मिनिटे उरली होती. ती लढली, मेली. मनोरा पुन्हा चढून आली, लढली, मेली. तिसऱ्या खेपेस तिने कळफलकावरून हात काढून घेतले, आणि घड्याळ चालू असता नुसती पाहत बसली. मग तिने खालचा बाण दाबला. राजपुत्राने तलवार म्यान केली, छायेनेही केली. ती दोघे एकमेकांकडे चालत गेली आणि एक झाली.

त्यापुढे जमीन संपते. समोर पोकळी, पलीकडे वाट. आम्ही शिकविलेले जपून टाकावयाचे पाऊल कडेशी येऊन थबकते. "मामा, इथे फरशी नाही," ती म्हणाली. आम्ही म्हणालो, दिसत नाही खरी. ती थोडा वेळ थांबली, दोन पावले मागे घेतली, आणि धावली. पायांखाली एकेक फरशी उमटत गेली.

जाफराशी गाठ पडण्यापूर्वीच उरलेली मिनिटे संपली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती लातूरच्या गाडीत बसली. पिशवीत मामीने केलेले लाडू आणि भौतिकशास्त्राची दोन जाड पुस्तके होती. बाराव्या पातळीच्या आरंभीचा, अकरा मिनिटे शिल्लक असलेला तो साठविलेला डाव आमच्या संगणकात आहे. त्यास दिवाळीपर्यंत कोणी हात लावू नये, अशी आम्हांस ताकीद आहे.